राहनाळचा रिकामा पट्टा

माझ्या आठवणीवर माझा स्वतःचाच फारसा भरवसा नाही, हे आधी सांगून टाकतो. भिवंडीतल्या आमच्या ऑफिसचे किस्से मी इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितले आहेत की आता मला घडलेलं आठवतं की सांगितलेलं, हे ठरवणं अवघड झालंय. किस्से असेच साठत जातात. एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येऊन उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा थोडा धष्टपुष्ट असतो. माझी बायको म्हणते, "विजेच्या लोडसारखा तुमच्या किश्शांचाही लोड दरवर्षी वाढतो."

तिचं म्हणणं मला पटतं. मी आयुष्यभर विद्युत अभियांत्रिकी शिकवली, डॉक्टरेट केली, आणि त्या सगळ्याचा परिणाम एवढाच झाला की कुठलंही वाक्य बोलून झालं की ते बरोबर होतं का अशी धास्ती वाटते. म्हणून यातल्या शेवटच्या गोष्टीची मी नंतर नीट खात्री करून घेतली आहे. बाकीच्या, जशा आठवतात तशा.

*

दोन हजारच्या दशकातली, भारनियमनाच्या ऐन दिवसांतली ही गोष्ट. भिवंडीत तेव्हा लाइट जायची नाही, अधूनमधून यायची. मी कॉलेजातून निवृत्त झालो होतो आणि वीज कंपनीने मला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. काम असं: भिवंडी आणि आसपासच्या गावांना पुढच्या पंधरा वर्षांत किती वीज लागेल याचा अंदाज बांधायचा, आणि त्यावरून राहनाळला होणारं नवं सबस्टेशन केवढं असावं, किती जागा घ्यावी, हे ठरवायचं.

ऑफिस धामणकर नाक्यावर, लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वर. आम्ही तिघं. भालेराव साहेब कार्यकारी अभियंता, नागपूरकडून नुकतेच बदलून आलेले, नियमाला पक्के आणि जिभेला तिखट. रुबीना खोत ही तरुण इंजिनिअर, भिवंडीचीच, वडिलांचे लूम. आणि मी.

मी पहिला अंदाज तयार केला तेव्हा आलेखावर तीन रेषा काढल्या होत्या. मागणी कमी वाढली तर ही, मध्यम वाढली तर ही, जास्त वाढली तर ही. शिवाय खाली तळटिपा, कुठली रेषा कशामुळे चुकू शकेल याच्या.

भालेराव साहेबांनी कागद बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर, ट्रान्सफॉर्मर एकच घ्यायचाय. त्याला तीन रेषा कळत नाहीत, आणि तो तळटिपा वाचत नाही."

मी मधली रेषा ठेवली. तळटिपा मात्र काढल्या नाहीत, बारीक अक्षरात केल्या.

*

लूमवाल्यांना किती वीज लागेल हे त्यांनाच विचारावं, म्हणून आम्ही गल्ल्यांतून फिरायला लागलो. सुरुवात रुबीनाच्या वडिलांपासून केली, म्हटलं घरचं आहे, सोपं जाईल. त्यांना सगळे खोतचाचा म्हणत. आम्ही गेलो तेव्हा लाइट नव्हती. कारखान्यात सगळे लूम गप्प उभे, कारागीर दारात बसलेले. चाचांनी चहा मागवला आणि मी प्रश्नावली उघडली. पंधरा वर्षांनी तुमचे लूम किती असतील, ऑटोमॅटिक घ्याल का, शिफ्ट किती चालवाल.

चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टरसाब, पंधरा वर्षांनंतरची वीज विचारताय. आज दुपारची कधी येणार ते आधी सांगा, मग मी पुढचा विचार करतो."

रुबीनाने मान खाली घातली. ते उत्तर प्रश्नावलीत कुठे लिहायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

*

नुसतं विचारून भागणार नाही, प्रत्यक्ष मोजू या, असं भालेराव साहेबांनी ठरवलं. भारनियमन असलेल्या दिवशी मोजण्यात अर्थ नव्हता. पूर्ण दिवस वीज मिळेल असा एखादा दिवस हवा होता. साहेबांनी वर बोलून तशी सोय करून घेतली. दिवस त्यांनी स्वतःच निवडला. इतर दिवशी त्यांना कल्याणला मीटिंगा असत, त्यातल्या त्यात तो मोकळा होता. रुबीना त्या आठवड्यात चुलत बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होती.

आम्ही दिवसभर फीडरचे, म्हणजे लूमच्या गल्ल्यांना वीज नेणाऱ्या लाइनींचे, आकडे टिपले. आणि आश्चर्य! भर दुपारी मागणी अगदी किरकोळ. साहेब खूश. म्हणाले, ही भिवंडी उगाच बदनाम आहे, इथे तर जुन्याच यंत्रणेत भरपूर वाव आहे. दोनच दिवसांत अहवालाचा मसुदा तयार झाला. सबस्टेशन लहान केलं तरी चालेल, अशी शिफारसही त्यात आली.

रुबीना लग्नाहून परतली. हातावर मेंदी तशीच होती. तिने आकडे पाहिले, तारीख पाहिली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "सर, हा शुक्रवार होता का?"

भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी असते. धामणकर नाक्यावर बसून आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. साहेब नवीन आलेले, आणि मी तर खिडकीतून फक्त ट्रॅफिक बघायचो. त्या दिवशी खाली आवाज कमी आहे एवढं मला जाणवलं होतं. बरं वाटलं होतं.

भालेराव साहेबांनी मसुदा ड्रॉवरमध्ये टाकला. "म्हणजे शाळा भरत नाही त्या दिवशी जाऊन आपण पोरं मोजली," एवढंच म्हणाले.

पण रुबीनाने ते शुक्रवारचे आकडे टाकून दिले नाहीत. तिने ते आपल्याजवळ ठेवले. का ते तेव्हा कळलं नाही.

*

राहनाळला सबस्टेशनसाठी जी जमीन बघितली होती ती बळीराम म्हात्रेंची. जागेच्या कामासाठी बळीराम ऑफिसात इतक्यांदा आले की शेवटी शेवटी ते आमच्यातलेच झाले. वडापाव आणायचा झाला तर चौथा त्यांचा. बाकीची शेती त्यांनी गोडाऊनला दिली होती, एक गोडाऊन स्वतः बांधून भाड्याने दिलं होतं. एकदा त्यांनी आम्हाला त्याच्या शेजारच्या पाण्याच्या टाकीवर चढवलं. वरून राहनाळपासून शेजारच्या वळ गावापर्यंत नुसती गोडाऊनची छपरं. पत्र्यावर ऊन असं सांडलेलं की डोळे उघडे ठेवता येईनात.

बळीराम अभिमानाने म्हणाले, "पयले या टायमाला हितं सगला भात दिसायचा, साहेब. आता बघा."

रुबीना बराच वेळ बघत राहिली. खाली उतरताना तिने मला विचारलं की या छपरांवर उद्या सौर पॅनल लागले तर किती वीज होईल. मी अंदाज सांगितला आणि लगेच त्यातल्या शंका सांगितल्या. पॅनल महाग, कोण लावणार, सरकार परवानगी देईल का. हे सगळं तेव्हा खरंच होतं. भालेराव साहेबांनी तर खिशातून कॅल्क्युलेटर काढून दाखवला. "माझ्याकडे आहे ना सोलर, मॅडम. ढग आले की बेरीज दिसेनाशी होते."

आम्ही हसलो. ती हसली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "सर, ऊन पूर्ण, लूम बंद. अशी वेळ इथे दर आठवड्याला येते. शुक्रवारची दुपार. तेव्हा छपरांवरची वीज जाणार कुठे?"

मी इतकी वर्षं वर्गात फळ्यावर बाण काढत आलो होतो. वर मोठं वीज केंद्र, तिथून तारा, मग सबस्टेशन, मग फीडर, सगळ्यात खाली दिवा. बाण नेहमी वरून खाली. खालून वर बाण मी कधी काढला नव्हता, कुणा विद्यार्थ्याने काढला असता तर बहुतेक मार्क कापले असते. आणि ही मुलगी सांगत होती की गर्दीचा दिवस बघून सबस्टेशन बांधाल, तर एक दिवस ते सुट्टीच्या दिवशी अपुरं पडेल.

मला ते बरोबर वाटत होतं, म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

*

रुबीनाची मागणी साधी होती. सबस्टेशनला एक जादा बे ठेवा. बे म्हणजे एका लाइनीची सगळी यंत्रं मावतील एवढा जमिनीचा पट्टा. यंत्रं आज नकोत. जागा तेवढी धरून ठेवा. छपरांवरची जास्तीची वीज वर पाठवायची वेळ आली की तिथून पाठवता येईल. तोपर्यंत सगळीकडे गोडाऊन झालेली असतील आणि शोधूनही जागा मिळणार नाही.

जादा पट्टा म्हणजे नेमकं बळीरामच्या आईचं खळं. बाकीची जमीन बळीरामच्या नावावर, पण ते खळं हिराबाईंच्या नावावर होतं. थोडी भातशेती त्यांनी हट्टाने राखली होती, त्याचं भात त्या खळ्यावर झोडायच्या, वाळवायच्या. सारवलेली, स्वच्छ जागा. कडेला एक शेवगा.

बळीराम म्हणाले, आये माझं ऐकत न्हाय, तुमीच बोला. भालेराव साहेब म्हणाले, डॉक्टर, तुमचं वय जुळतं, तुम्हीच बोला. खरोखर हिराबाई आणि मी साधारण एकाच वयाचे होतो. मी त्यांना हिराबाई म्हणायचो, त्या मला मास्तर म्हणायच्या.

त्यांनी विचारलं, काय बांधणार? मी म्हटलं, आत्ता काही नाही. कधी बांधणार? म्हटलं, सांगता येत नाही. कदाचित दहा वर्षांनी, कदाचित त्याहून जास्त. बांधणार तरी नक्की का? मी म्हटलं, तेही नक्की सांगता येत नाही. खोटं बोलणं मला जमत नाही असं नाही, पण त्या क्षणी सुचलं नाही.

हिराबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"मास्तर, भराला मांगाल तर देन. रिकामी ठेवाला कशाला मांगता? रिकामी तर मीच ठेवलीय."

आजूबाजूला नजर टाकली तर खरंच, चारी बाजूंना पत्रे होते आणि मधे ती एवढीच जागा आभाळाखाली उघडी होती. मी चहा पिऊन परत आलो. भालेराव साहेबांनी विचारलं काय झालं. म्हटलं, त्यांचा मुद्दा बिनतोड आहे.

*

त्यानंतरचे काही आठवडे मला फार जड गेले. रुबीना चुकली असेल तर एका बाईचं खळं फुकट जाणार. रुबीना बरोबर असेल आणि आपण जागा सोडली, तर पुढे कुणालाच ती मिळणार नाही. मी तिची गणितं पुन्हा पुन्हा तपासली. त्यात चूक सापडली असती तर सुटका झाली असती, इतका मी त्या गणितांवर नाराज होतो.

शेवटी तिलाच विचारलं, "तुला खात्री आहे?"

ती म्हणाली, "सर, खात्री असती तर प्लॅनिंग कशाला केलं असतं? सरळ ऑर्डर दिली असती."

मग कल्याणला वरिष्ठांपुढे आढावा झाला. अध्यक्ष बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला की या सबस्टेशनसाठी सगळ्यात अवघड दिवस कुठला धरलाय. सगळ्यांना वाटलं, एप्रिल-मेमधला भर कामाचा दिवस असेल. रुबीना उभी राहिली आणि म्हणाली, "शुक्रवार, मॅडम. सगळं बंद असतं तो."

सभेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, म्हणजे काही चाललं नाही की आपली पंचाईत होते, असंच ना? भालेराव साहेब टेबलाकडे बघत होते. रुबीनाने आमचे ते फसलेले शुक्रवारचे आकडे पडद्यावर लावले आणि त्यावर उन्हाचा आलेख ठेवला. हसणं थांबलं, पण कुणाला पटलंही नव्हतं. अध्यक्ष बाई माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुमचं मत?"

अशा प्रश्नाला मी आयुष्यात कधी सरळ उत्तर दिलेलं नाही. मी म्हटलं, "माझं मत चुकू शकतं. माझ्या तिन्ही रेषा चुकू शकतात. जागा ठेवावी असं मी म्हणतो ते त्यासाठीच. आपल्याला पक्कं माहीत असतं तर जागा ठेवायची गरजच नव्हती."

बाईंनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, जागा घ्या, यंत्रं आत्ता मिळणार नाहीत. बाहेर आल्यावर भालेराव साहेब मला म्हणाले, "डॉक्टर, तुमची शंका इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या कामाला आली."

*

आता हिराबाई. आम्ही तिघं पुन्हा राहनाळला गेलो. या वेळी रुबीना त्यांच्याजवळ खाली बसली आणि छपरं, ऊन, शुक्रवार हे सगळं समजावून सांगितलं. आम्हा दोघांना ज्या बोलीत ते कधी सांगता आलं नसतं त्या बोलीत. हिराबाई ऐकत होत्या. मधेच त्यांनी गोडाऊनच्या पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, देते, पण एक अट. रिकामी हाय तवर माझी. मशीन येईल त्या दिवशी मी उठेन.

अशी अट कुठल्याही सरकारी कागदावर बसत नाही. बळीराम आईवर चिडले. मी भालेराव साहेबांकडे बघितलं. नियमाचा माणूस, आता नाही म्हणणार, हे मी धरूनच चाललो होतो. साहेब खळ्याच्या कडेकडेने एक चक्कर मारून आले, शेवग्यापाशी थांबले आणि कंत्राटदाराला म्हणाले की सध्या कुंपण आतून घ्या, या पट्ट्याच्या अलीकडून. यंत्रं येतील तेव्हा पुढे सरकवू.

कंत्राटदार म्हणाला, पण साहेब, नकाशात ही जागा आपली आहे.

"नकाशात आपली," साहेब म्हणाले. "उन्हात तिची."

हे वाक्य आपण बोललोच नाही, असं साहेब पुढे कायम म्हणत राहिले. रुबीना म्हणते, बोलले. मी रुबीनाच्या बाजूने आहे, पण माझ्या आठवणीबद्दल सुरुवातीलाच सांगितलंय.

*

सबस्टेशन झालं. साहेबांची बदली झाली, मी ठाण्याला घरी बसलो. ठाण्याहून काही कामाने तिकडे जाणं झालं की मी रिक्षा राहनाळवरून घ्यायला लावायचो. दिवाळीनंतरच्या दिवसांत त्या पट्ट्यावर भात वाळत घातलेलं दिसायचं. ते बघून मला एकाच वेळी बरं वाटायचं आणि कसनुसं व्हायचं. भात आहे म्हणजे हिराबाईंचं खळं शाबूत आहे. भात आहे म्हणजे आपण चुकलो.

अशी वर्षं गेली. पॅनल स्वस्त झाले. मग छपरांवर एकेक निळे चौकोन दिसू लागले. आधी वळकडे, मग राहनाळला, मग बळीरामच्या गोडाऊनवरही. आणि एक दिवस रुबीनाचा फोन आला. ती आता मोठ्या हुद्द्यावर होती. म्हणाली, सर, बेवर यंत्रं बसवली, कुंपण सरकवलं, या शुक्रवारी दुपारी या.

मी गेलो. कंट्रोल रूममध्ये तिने मला पडद्यासमोर उभं केलं. जुम्याची नमाज होऊन गेली होती, लूम बंद होते, बाहेर रखरखीत ऊन. पडद्यावर नव्या लाइनीचा आकडा होता आणि त्यापुढे वजा चिन्ह. वीज खालून वर चालली होती. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. चिन्ह होतं तिथेच होतं.

बाहेर आलो तर नव्या कुंपणाच्या बाहेर, शेवग्याच्या सावलीत, हिराबाई खुर्चीवर बसल्या होत्या. शेवगा तेवढा वाचला होता. त्या थकल्या होत्या, मीही थकलो होतो. भात आता घराच्या गच्चीवर वाळतं आणि जिना चढवत नाही म्हणून सुना बघतात, असं त्यांनी सांगितलं. तक्रार म्हणून नाही सांगितलं.

मी त्यांना म्हटलं, "हिराबाई, आज वीज उलटी गेली. तुमच्या खळ्यावरून."

त्यांनी जाळीतून यंत्रांकडे बघितलं. "रोज जाते?"

"नाही. शुक्रवारी. दुपारची."

"न् बाकीचे दिस?"

म्हटलं, बाकीचे दिवस लूम सगळी वीज खातात, वर पाठवायला काही उरत नाही.

"मंग तवा ता मशीन काय करते?"

"काही नाही. उभं असतं."

हिराबाई बराच वेळ जाळीतून बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हंजे मास्तर, रिकामीच ठेवलीत."

घरी आल्यावर मला राहवेना. रुबीनाला फोन केला आणि नीट तपासून सांग म्हटलं. तिने सोमवारी सांगितलं. शनिवार ते गुरुवार त्या बेमधून खरोखरच काही जात नाही.